एकाच बैठकीत दोन उलटी उत्तरं

प्रश्न साधा होता: गाव सोडून कोण जातं? अहवालाच्या मसुद्यावर बैठक होती आणि सरांनी नेहमीप्रमाणे जिल्हावार तक्ता पडद्यावर लावला. ज्या जिल्ह्यांत शेतकऱ्यांचं प्रमाण जास्त, तिथून बाहेर पडणारेही जास्त. आलेखावरचे ठिपके बघितले तर शंकेला जागाच नव्हती. शेतकरी गाव सोडतोय, संपला विषय.

मग आमच्या नव्या सहकारी मुलीने तिचे आकडे दाखवले. तिच्याकडे जिल्हे नव्हते, माणसं होती. एकेकाचं आयुष्य वर्षागणिक मांडलेलं. तिचं उत्तर नेमकं उलट: शेतकरी सगळ्यात कमी हलतो.

"तुझ्या डेटात काहीतरी घोळ आहे," सर म्हणाले.

घोळ नव्हता. तो डेटा गोळा होताना मी पाहिला होता. जीवनपटाचा तक्ता असतो: दर वर्षाला एक ओळ, आणि शेजारी शेजारी घर, काम, लग्न, मुलं असे रकाने. नुसतं वय विचारलं तर लोक ३०, ३५, ४० सांगून मोकळे होतात. आकडे असे ० आणि ५ वर किती गोळा होतात हे मोजायला व्हिपलचा निर्देशांक आहेच. घर कधी बदललं, हेही कुणाला सालासकट आठवत नाही. पण "धाकटी नुकती चालायला लागली होती" हे आठवतं. मग मुलांच्या रकान्यातून घराच्या रकान्याला साल मिळतं. शिवाय मुलाखतीपर्यंत ज्याने गाव सोडलं नाही तो कधीच सोडणार नाही, असंही धरायचं नसतं. त्याची नोंद तिथवरच वापरायची. एखादी घटना कधी घडते हे तपासणारं, १९७२ मध्ये संख्याशास्त्रज्ञ डेव्हिड कॉक्स यांनी मांडलेलं मॉडेल अशा अर्धवट नोंदी सांभाळून घेतं, म्हणून तर लोकसंख्याशास्त्रात ते इतकं रुजलं.

खोली दोन तटांत विभागली गेली. तरुण मंडळींनी समाजशास्त्रज्ञ रॉबिन्सन यांचा १९५० सालचा लेख काढला: समूहाच्या आकड्यांवरून व्यक्तीबद्दल बोलू नये. बरोबरच आहे. पण त्या धास्तीने अनेकांनी समूहच टाकून दिला, आणि माणूस जणू पोकळीत राहतो असं समजून मॉडेलं बसवली. हे मला पहिल्या चुकीइतकंच खटकतं.

मी म्हटलं, दोन्ही एकत्र घालून बघू. माणूस स्वतः शेतकरी आहे का, हा एक घटक. त्याच्या जिल्ह्यात शेतकरी किती, हा दुसरा. अशा बहुस्तरीय मॉडेलने कोडं सुटतं हे फ्रेंच लोकसंख्याशास्त्रज्ञ दानिएल कूर्जो यांनी नॉर्वेच्या लोकसंख्या नोंदींवर दाखवलेलं होतं. आमच्याकडेही तेच निघालं. शेतकरी बहुतेक ठिकाणी जागचा हलत नव्हता. शेतीबहुल जिल्ह्यांतून बाहेर पडत होते ते शेतकरी नसलेले लोक. म्हणजे सरांचा तक्ता खरा, तिचाही खरा. सरांच्या तक्त्याखालचं वाक्य मात्र खोटं.

पुढचा तासभर त्या एका वाक्यावर गेला. "शेतकरी स्थलांतर करतात" खोडून "शेतीबहुल जिल्ह्यांतून स्थलांतर जास्त होतं" असं झालं. एवढासा फरक, पण धोरण ठरवणारा माणूस पहिल्या वाक्यावरून पैसा भलत्याच घरी पाठवेल.

सर काही वेळ गप्प होते. मग त्यांनीच विचारलं, "हे शेतकरी नसलेले म्हणजे नेमके कोण? भूमिहीन, की बदलीवर आलेला मास्तर?"

याचं उत्तर ना त्यांच्या तक्त्यात होतं, ना तिच्या रकान्यांत. भूमिहीन आणि मास्तर, दोघंही एकाच "इतर" खान्यात बसवलेले. शेती हेच मुख्य काम असेल तिथे जमीन नसलेल्याला दुसरा रोजगार मिळत नाही, म्हणून तो निघतो, असा माझा अंदाज होता. पण अंदाज म्हणजे पुरावा नव्हे. तेव्हा ठरलं, "इतर" मधल्या काही जणांकडे परत जायचं, आणि या खेपेला छापील प्रश्नावली न नेता सविस्तर बोलायचं. ती मुलाखतींची यादी सर स्वतः करायला बसले.