शब्द गोड, सूर आंबट

आज सकाळी तळजाईवरून उतरलो तर गल्लीच्या तोंडाशी बंड्या. (बंड्या म्हणजे कुत्रा. पुण्यात खुलासा केलेला बरा.) ऑफिसच्या फोनने डोकं तापलेलं, त्यामुळे "शहाणं माझं बाळ ते" हे रोजचं वाक्य मी चक्क करवादलो. पठ्ठ्या दोन पावलं मागे सरला आणि मान तिरकी करून बघत राहिला. मग लाडात येऊन विचारलं, "लाइटबिल भरलंस का रे?" शेपूट हललं. पण एकदाच, हिशोबापुरतं.

2016 साली हंगेरीतल्या संशोधकांनी 13 कुत्र्यांना एमआरआय मशीनमध्ये न हलता पडून राहायला शिकवलं होतं. (माझा एमआरआय काढताना मीच तीनदा हललो होतो, ते असो.) त्यांना मालकाच्या ओळखीचा आवाज नाही, तर ट्रेनरचा आवाज ऐकवला. कौतुकाचे शब्द आणि कौतुकाचा सूर, दोन्ही जुळले तरच मेंदूतला खुशीचा भाग जागा व्हायचा. नुसत्या शब्दांवर किंवा नुसत्या सुरावर भागत नव्हतं.

घरी पोचलो. उशीर झालेलाच. आई दार उघडून म्हणाली, "या! लवकर आलात."

शब्द चांगले होते. मी शेपूट हलवलं नाही.