प्रोटो बिव्हॅक: हरवलेले ५८ मीटर सापडले, पण स्क्रूने घात केला

मंडळी, माझ्या जुन्या फेवर ल्युबा बिव्हॅक या मनगटी घडीतली, उंची मोजणारी डबी मेलेली नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण मागच्या खेपेला मी तिचं जवळजवळ तेरावंच घातलं होतं. ही घडी प्रोटो, म्हणजे कारखान्याने आधी करून पाहिलेला नमुना, की मागून कोणी डायल बदललेली, हे जुनं भांडणही अजून चालूच आहे.

डिसेंबरात परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढताना उंचीचा काटा २५ मीटर कमी पडला होता. साठीतलं म्हातारं आहे, चालायचंच, म्हणून सोडून दिलं. मेच्या दुसऱ्या आठवड्यात तीच फेरी पुन्हा केली. परतवाड्यात बेझल (काचेभोवतीचं फिरतं कडं) फिरवून ३७० वर लावलं, धामणगाव गढीवरून घाट चढलो, मोथ्याच्या फाट्यावर चहा घेतला, वर जाऊन पाहतो तर काटा १,०६० वर. चिखलदऱ्याची उंची १,११८. म्हणजे ५८ मीटर गायब. डिसेंबरात २५, आता ५८. भर उन्हात रस्त्याच्या कडेला बसून मनाशी म्हटलं, गेली. डबीत हवा शिरतेय, दिवाळीपर्यंत काटा जागचा हलणार नाही.

नव्यांसाठी दोन ओळी. अॅनेरॉइड म्हणजे आतली हवा काढून बंद केलेली पातळ धातूची डबी. बाहेरचा दाब कमी झाला की ती फुगते आणि तेवढी हालचाल काट्यापर्यंत पोचते. व्हिदी नावाच्या फ्रेंच माणसाने १८४४ मध्ये हे काढलं, आणि फेवर ल्युबाने १९६२ साली ते मनगटावर आणलं. ३,००० मीटरपर्यंत उंची दाखवणारी बिव्हॅक ती हीच. डबीला बारीक भोक पडलं की खेळ खलास, कारण तसली डबी भरून देणारा माणूस मला तरी अजून भेटलेला नाही.

त्या दिवशी भाचा सोबत होता. अमरावतीला शिकतो, सुट्टीत आलेला. माझं तोंड पाहून त्याने खिशातून मोबाइल काढला. त्यात दाब मोजायचा सेन्सर असतो, हे मला त्या दिवशी कळलं. परतवाड्यात त्याने गंमत म्हणून आकडा टिपून ठेवला होता, वर आल्यावर दुसरा घेतला, आणि दोन्ही आकडे मीटरमध्ये बदलले. चढ निघाला ६९३ मीटर. माझ्या घडीने दाखवला होता ६९०.

"मामा, मोबाइल बी तेच म्हणून राहिला नं. मंग घडी खोटी कशी?"

मी अर्धा मिनिट गप्प. साठ वर्षांपूर्वीची पत्र्याची डबी आणि दोन वर्षांपूर्वीचा मोबाइल जर तीन मीटरच्या आत एकच गोष्ट सांगत असतील, तर चूक मोजणाऱ्याची नाही, हिशेबाची आहे.

घरी येऊन वही काढली. घडीवरची उंचीची पट्टी एका ठरीव हवेसाठी आखलेली असते. समुद्रसपाटीला १५ अंश, मग दर किलोमीटरला साडेसहा अंशांनी थंड. त्या हिशेबाने आपल्या घाटाच्या मधोमध हवा १० अंशांची असायला पाहिजे. मे महिन्यात, मेळघाटात, १० अंश! त्या दिवशी खाली ३९ होते आणि वर ३३, म्हणजे सरासरी ३६. गरम हवा फुगलेली असते, त्यामुळे तेवढाच दाब उतरायला जास्त चढावं लागतं. घडी बिचारी आल्प्सच्या थंडीत असल्यासारखी मोजत राहते आणि कमी दाखवते. तापमानं केल्विनमध्ये घेतली: ६९० गुणिले ३०९ भागिले २८३. उत्तर ७५३. खरा चढ ७४८. उरलेले ५ मीटर माझ्या डोळ्याचे आणि काट्याच्या जाडीचे.

मग डिसेंबरचा आकडा घेतला. तेव्हा हवा सरासरी २० अंश होती, घडीने चढ दाखवला होता ७२३. तोच गुणाकार, उत्तर ७४८. रात्री साडेअकराला अंगणात एकटाच हसलो. आईने आतून विचारलं, "काय झालं रे बाप्पा?" काय सांगणार.

याच झटक्यात दुसरंही एक भूत उतरलं. कपाटावर ठेवलेल्या घडीचा काटा रोज दुपारी थोडा वर सरकतो आणि रात्री परत येतो, याचं खापर मी कधी कूलरवर तर कधी तेलावर फोडत होतो. पण आपल्या भागात हवेचा दाबच रोज दोनदा वरखाली होतो. सकाळी दहाच्या सुमारास आणि रात्री दहाच्या सुमारास जास्त, पहाटे आणि दुपारी चारच्या आसपास कमी. फरक तीन-चार मिलिबारचा, म्हणजे घडीवर ३० मीटर. आमचं घर रोज दुपारी ३० मीटर वर जातं आणि झोपायच्या वेळी खाली येतं. घाटाची फेरी योगायोगाने दहाच्या आगेमागे झाली, तेव्हा दाब जवळपास स्थिर असतो. चारच्या उतारात निघालो असतो तर आकडे जुळले नसते आणि मी आजही रडत बसलो असतो.

आता मूळ भांडणाकडे येतो. ही प्रोटो आहे का?

डायलवर बिव्हॅक हे नाव नाही, आतल्या झाकणावर नंबर नाही, फक्त सुईने ओढल्यासारखा एक आकडा, आणि उंचीच्या खुणा छापलेल्या नसून हाताने कोरलेल्या. हे सगळं मागे फोटोंसह दाखवलं आहे. परतवाड्याचे घड्याळवाले काका पहिल्या दिवसापासून एकच म्हणतात, "हे बॉम्बेवाल्याचं काम होय. डायल खराब झाली, त्यानं दुसरी करून लावली. तुले फसवलं रे कोणीतरी." काकांचं म्हणणं हलक्यात घेण्यासारखं नाही. बॉम्बे रीडायल (जुनी डायल पुन्हा रंगवून घडी अस्सल म्हणून विकणं) हा आपल्या छंदातला हिवताप आहे, मलाही दोनदा झालेला. फेवर ल्युबा म्हणजे एकेकाळी आपल्याकडे लग्नात जावयाला द्यायची घडी. तिचे जेवढे डायल पुन्हा रंगवले गेले तेवढी आमच्या गावची घरंही रंगवली नसतील. शिवाय काकांचा मुख्य मुद्दा बरोबर होता: १,२०० ते १,५०० मधल्या खुणा बाकीच्यांपेक्षा लांब पडल्या आहेत. असं काम कारखाना करेल का?

डबी शाबूत आहे म्हटल्यावर मला ही लांबीच तपासावीशी वाटली. घाट फक्त चिखलदऱ्यापर्यंत नेतो. पुढची उंची घरीच तयार करावी लागणार होती.

साहित्य: आईची पाच लिटरची काचेची लोणच्याची बरणी, कुकरची रबरी रिंग, जनावरांच्या डॉक्टरांकडून मागून आणलेली ५० मिलीची सिरिंज आणि सलाइनचा तीनतोंडी कॉक. फ्रिजवाल्याकडचा व्हॅक्यूम पंप वापरायचा सल्ला दोघांनी दिला होता. ती चूक कृपा करून कोणी करू नका. तो पंप मिनिटाभरात डबी फुगवून तिचं पापड करील. सिरिंजने एका ओढीला बरणीतली साधारण एक टक्का हवा निघते, काटा हळूहळू चढतो आणि कुठेही थांबता येतं. आमच्याकडच्या ९७० मिलिबारवरून १,५०० मीटरच्या दाबाला जायला १४ ओढी लागल्या. बरणीवर जाड टॉवेल गुंडाळा, कारण पुढे झाकणावर पंधरा-वीस किलोंचा भार येतो.

बरणीत घडी आणि तिच्याशेजारी भाच्याचा मोबाइल. सोड्याने तीनदा धुऊनही बरणीला कैरीचा वास होताच, आणि आता त्याच्या मोबाइललाही आहे. आंबटाची वाफ स्टीलच्या बारीक भागांना बरी नव्हे, म्हणून दर फेरीला दहा मिनिटांवर वेळ जाऊ दिला नाही.

पहिल्या तीन फेऱ्या वाया. रिंग हवा सोडत होती. चौथीला तूप लावलं, मग धरली. दर १०० मीटरला थांबायचं, काचेवर नखाने टिचकी मारायची (टिचकीशिवाय काटा १५-२० मीटर मागे रेंगाळतो), फोटो घ्यायचा. भाचा आकडे लिहीत गेला. १,१०० पर्यंत सगळं खुणेवर. आणि १,२०० च्या पुढे काटा एकदम मोठी पावलं टाकू लागला. मला वाटलं, अडकून सुटतोय. परत खाली आणला, परत नेला. तेच. काटा त्या टापूत खरोखर लांब उडी घेतो, आणि खुणाही नेमक्या तेवढ्याच लांब आहेत. २,४०० पर्यंत एकही खूण १५ मीटरच्या बाहेर गेली नाही. त्यापुढे माझीच छाती झाली नाही.

याचा अर्थ लक्षात घ्या. पट्टी वाकडी नाही, ही डबीच त्या जागी थोडी वेगळी वागते, आणि खुणा कोरणाऱ्याने त्या याच डबीला समोर ठेवून, दाब मोजून, एकेक करून कोरल्या आहेत. शेकड्याने घड्याळं काढणारा कारखाना असं करीत बसत नाही, तो पट्टी छापतो आणि डबी तिला जुळवून घेतो. आणि डायल रंगवून विकणाऱ्याला हवेचा दाब कशाशी खातात याच्याशी घेणं नसतं. असलं काम बाकावर एकच नग घेऊन बसलेला माणूस करतो.

वही घेऊन दुसऱ्या दिवशी सकाळीच काकांकडे. त्यांनी आकडे पाहिले, चष्मा काढला, पुसला, परत लावला. मला वाटलं जिंकलो.

"बॉम्बे बंदर होतं नं राजा. जहाजावरचे बॅरोमीटर दुरुस्त करणारे हात तिथं कमी होते काय? एखाद्यानं डबी बदलली, अन् तिच्या हिशेबानं खुणा पाडल्या. झालं."

काढता येत असेल तर यातली चूक काढून दाखवा. मला आली नाही.

तर आता प्रश्न एवढाच उरला: ही डबी मूळची की नंतर बसवलेली? योजना होती जूनमध्ये घडी मुंबईला पाठवून तिचं बाहेरचं कवच साफ करून घ्यायची. ते रद्द. पॉलिश तर मुळीच नाही. नोटा तपासायच्या जांभळ्या टॉर्चने आणि आडव्या उजेडात खुणांखाली जुन्या खुणा दिसतात का ते आधी पाहणार. नवी काचही तूर्त लावत नाही. तसंही एका ऑनलाइन विक्रेत्याने 'ओरिजिनल' म्हणून पाठवलेली काच अर्ध्या मिलीमीटरने मोठी निघाली, आणि आता तो फोन उचलत नाही.

मशीनची बातमी मात्र गोड आहे. पेसो ३२० (हेच तिचं आतलं मशीन) पूर्ण खोलून धुतली, मोबियस ९०१० तेलाचे थेंब दिले, पहाटे पाच ते सात एवढ्याच वेळात, कारण नंतर कूलर लावावा लागतो आणि कूलर म्हणजे दमट हवा नि सरकीची धूळ. तासाला १८,००० ठोके, दिवसाला ६ सेकंद पुढे. आलेला ग्राफ इतका सरळ होता की तो थोडा वेळ नुसता बघत बसलो. टाइमग्राफर (ठोके ऐकून घडीची चाल मोजणारं यंत्र) चायनीज आहे, पण त्याला नावं ठेवणार नाही.

हे लिहिता लिहिता एक सुचलं. डबी तीन स्क्रूंवर बसली आहे. ती कधी बदलली असेल तर स्क्रूंच्या खाचा सांगतील. लगेच जानेवारीतले फोटो मोठे करून पाहिले. दोन स्क्रू कोरे करकरीत, खाचेची धार जशीच्या तशी. आणि तिसऱ्याची एक कड चावलेली.

तिसरा मीच चावला आहे. जानेवारीत, सेटमध्ये दीडशे रुपयांना मिळालेल्या त्या स्क्रू-ड्रायव्हरने, ज्याचं टोक पहिल्याच पिळात वळलं. त्याच रात्री बर्जन कंपनीचा मागवला, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. आता तो स्क्रू माझ्या आधी कोरा होता की नाही, हे घडी पाहून कोणीच सांगू शकत नाही. काकांना अजून सांगितलेलं नाही.

एक वाट आहे. घडी घेतली त्या संध्याकाळी मी झाकण उघडून चार फोटो काढले होते, जुन्या मोबाइलवर. तो मोबाइल नंतर विहिरीच्या मोटरवर पडून फुटला आणि कपाटात आहे. सोमवारी अमरावतीला नेऊन त्याची स्क्रीन बदलून घेतो. फोटो नीट आले असतील आणि तिन्ही खाचा त्यात दिसत असतील, तर काकांसमोर ठेवायला काहीतरी होईल.

२,४०० ते ३,००० ची फेरी राहिलीच आहे. पण बरणीसाठी आईची नोटीस आली आहे. "मृग लागाच्या आंधी माही बरणी वापस पायजे," असं कालच सांगून झालं. आज सकाळी मागच्या दारात दहा किलो कैऱ्या येऊन पडल्या आहेत.