एवढा पैसा आला कुठून?

पुण्या-मुंबईचे पाहुणे इंदूरला आले की रात्री सराफ्यात खायला नेण्याआधी मी त्यांना इतवारिया बाजारातलं काच मंदिर दाखवते. भिंती, खांब, छत, पायाखालची फरशी, सगळी काच. बाहेर येऊन चपला घालताना प्रश्न ठरलेला: "हे बांधणाऱ्या शेठजींकडे एवढा पैसा आला कुठून?" तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते.

अफूतून.

पाहुण्यांचा चेहरा उतरतो, पण दुसरं उत्तर मी देत नाही. सर शेठ हुकुमचंद यांचा जन्म 1874 चा. वडील सरूपचंद, पुढे पेढीचं नाव सरूपचंद हुकुमचंद. मालव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जायची आणि इंग्रज सरकार तिच्यावर पेटीमागे कर घ्यायचं. सगळा राजरोस धंदा. 1907 मध्ये इंग्रज आणि चीन यांच्यात करार झाला: भारतातून जाणारी अफू दरवर्षी एक दशांशाने कमी करायची. पुढे माल मिळणार नाही म्हटल्यावर भाव कडाडले. हे आधी ओळखून ज्यांनी सट्टा लावला त्यांचं उखळ पांढरं झालं, आणि त्यांत शेठजी फार वरच्या ओळीत होते. पुढे कापसात उतरले आणि 'कॉटन किंग' म्हणून नाव झालं. 1919 मध्ये 'सर' झाले.

त्यांच्या धर्मशाळा आणि दानधर्म सगळे सांगतात, अफू कुणी सांगत नाही. मला ते पटत नाही. त्या पेट्या चीनमध्ये कुणाच्या तरी घरात उघडल्या गेल्या, आणि ती घरं बसली. पण 'अफूवाला शेठ' एवढ्यावर त्यांना निकालात काढणंही मला मान्य नाही. सट्ट्यातला पैसा सट्ट्यातच विरघळलेली माणसं काय कमी होती? या माणसाने तो मागांत घातला. हुकुमचंद मिल, मुलाच्या नावाची राजकुमार मिल, आणि कलकत्त्याकडे तागाची मिल, तीही ताग जवळजवळ सगळा गोऱ्या कंपन्यांच्या हातात असताना. इंदूरच्या कितीतरी घरांची चूल मिलच्या भोंग्यावर पेटत होती.

मग दुसरा प्रश्न येतो, गेलं कुठे सगळं? शेठजी 1959 मध्ये गेले. हुकुमचंद मिल 12 डिसेंबर 1991 ला बंद पडली, म्हणजे त्यांच्यामागे 32 वर्षांनी. आणि कामगारांच्या थकलेल्या पैशाचा 224 कोटींचा धनादेश निघाला 25 डिसेंबर 2023 ला, आणखी 32 वर्षांनी. सुमारे 4,800 कामगारांचं देणं होतं. बरेच जण तोवर वारले होते, पैसे वारसांच्या हाती आले. मालकाच्या वारशावर लोक तासन्‌तास बोलतात. कामगाराच्या वारसाला काय मिळालं, हे मला एकाही पाहुण्याने आजवर विचारलेलं नाही.

म्हणून आता मी सांगते, काच मंदिर बघायचंच तर गणपतीत या. अनंत चतुर्दशीच्या रात्री मिलच्या झाँक्या, म्हणजे सजवलेले फिरते देखावे, निघतात. मिल बंद पडल्या, पगार थांबले, तरी कामगारांनी वर्गणी काढून हुकुमचंद मिलची झाँकी चालू ठेवली. रात्रभर जागायची तयारी ठेवा. झाँकीबरोबर चालणाऱ्या म्हाताऱ्यांपैकी कुणाला तरी विचारा, तुम्ही कुठल्या खात्यात होतात. थांबून सांगतील.