जत्रा झाली की

माझं बेळगावातल्या वडगावात शिलाईचं दुकान आहे. बायका ब्लाउजचं माप द्यायला येतात आणि जाता जाता पिशवीतून एखादा कागद काढतात. कधी बँकेचा, कधी शाळेचा, कधी शेताचा उतारा. मी वाचून सांगते. मग ठरलेला प्रश्न येतो, “काकी, तुमी कन्नड वाचायला कसं काय शिकलासा? आमी किती वर्षं म्हणालोय, शिकूया शिकूया. खरं होतच नाही.” मी सुई दोरा ओवता ओवता काहीतरी बोलून वेळ मारून नेते. त्यातली एक मात्र हटून बसली, “असं नको, नीट सांगा की.” तर आता नीट सांगते.

माझं माहेर चंदगड तालुक्यातलं. आम्हाला कोल्हापूरपेक्षा बेळगाव जवळ. बाजार, दवाखाना, लग्नाचा बस्ता, सगळं बेळगावला. पण शाळा महाराष्ट्रातली, त्यामुळे कन्नडशी संबंध आला तो लग्नानंतरच. वडगाव-शहापूर हा विणकरांचा भाग, माझी निम्मी गिऱ्हाइकं कन्नड बोलणारी. बोलायला आपोआप आलं. गळा किती खोल, बाही कुठवर, अस्तर घालायचं की नाही, सगळं कन्नडात चालायचं. वाचायचं म्हटलं की मात्र शून्य. स्टँडवर उभं राहून शेजारच्याला विचारायचं, “ही खानापूरला जातीय काय?” आणि महिला संघाच्या ठरावाच्या वहीत काय लिहिलंय ते दुसऱ्यानं सांगितलं की खाली सही करायची. ते मला खुपत होतं.

शिकायचं ठरलेलं तर होतंच. आषाढात मंगाईची जत्रा झाली की सुरू करूया. जत्रा झाली की गणपतीच्या शिलाया. गणपती गेले की दसरा-दिवाळी. तुळशीचं लग्न लागलं की माणसांची लग्नं, ती मे महिन्यापर्यंत. त्यातून मान वर काढावी तर शाळेचे युनिफॉर्म, आणि युनिफॉर्म हातावेगळे होतात तोवर परत आषाढ. शिंप्याच्या वर्षात मोकळा महिना नावाचा महिना नसतो. लोक म्हणतात, शिंपी उद्या या म्हणतो ते खोटं बोलतो. तसं नाही हो. उद्या या म्हणताना मला उद्याची मी अगदी स्पष्ट दिसत असते: लवकर उठलेली, लाइट न गेलेली, पाहुणे न आलेली. त्या बाईवर माझा फार विश्वास.

पण जत्रा आणि गणपती ही वरवरची कारणं. आपल्याकडे टाळायला याहून भारदस्त कारण आहे, ते बाकीच्या मुलखाला मिळत नाही. सीमाप्रश्न, म्हणजे बेळगाव महाराष्ट्राचं की कर्नाटकाचं हा वाद. १ नोव्हेंबर १९५६ ला हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. हा वाद सोडवायला नेमलेल्या महाजन आयोगाचा अहवाल १९६७ चा, तो महाराष्ट्राला मान्य नाही. २००४ मध्ये महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. माझ्या सासऱ्यांनी १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात पाठीवर लाठ्या घेतल्यात. त्या घरातली सून कन्नड मुळाक्षरं गिरवत बसली तर कसं दिसेल? मी त्यांना कधी विचारलं नाही. खरं सांगायचं तर विचारत नव्हते, कारण ते हो म्हणाले असते तर शिकावं लागलं असतं.

सीमाप्रश्न सुटला की बघूया, हे वाक्य मी किती घरांतून ऐकलंय. कागदपत्रं, मुलांच्या शाळा, नोकरीचे अर्ज, कशालाही ते चालतं. गंमत अशी की कारण खोटं नसतं. खोट्या कारणाची कधीतरी लाज वाटते आणि माणूस उठतो. खऱ्या कारणाच्या सावलीत मात्र जन्म काढता येतो, आणि वर चार माणसं शाबासकीही देतात. माझं सीमाप्रश्नाबद्दल जे मत होतं तेच आजही आहे. पण दिल्लीतली तारीख आणि मला बसची पाटी वाचता येणं, या दोन गोष्टींची गाठ कुणी बांधली? मीच बांधली होती. तुमचं काम अडलं असेल तर ते कशाला बांधून ठेवलंय ते आधी बघा. ‘हे झालं की ते’ यातलं ‘हे’ शोधा. पुष्कळदा ‘हे’ आणि ‘ते’ यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो.

शेवटी सासऱ्यांना विचारलं. ते पेपर वाचत होते. म्हणाले, “शीक की. आमचं भांडण सक्तीशी हाय, अक्षरांशी न्हवं.” आणि पान उलटलं. एवढ्याशा उत्तराला मी इतकी वर्षं भीत होते.

आता कारण संपलं, तरी मी सुरू केलं नाहीच. खाली काय शिल्लक राहिलं होतं, तर लाज. पन्नाशीकडे आलेली बाई, गल्लीत लोक काकी-काकी म्हणतात, आणि ही पहिलीतल्या पोरासारखी अक्षराखाली बोट धरून वाचणार! माझ्याकडे शिवण शिकायला नवीन पोरी येतात. कापड पसरतात, खडूनं मुंढा आखतात, पुसतात, परत आखतात. कात्री काही लावत नाहीत. न कापलेल्या कापडात चूक नसते ना. मी त्यांना ‘धीर धर’ वगैरे सांगत नाही. जुना पेपर देते कापायला, मग उरलेलं अस्तर. बिघडलं तर कुणाचं काही जात नाही असं कापड हातात आलं की कात्री चालते. म्हणून मीही वही, क्लास, पुस्तक काही आणलं नाही. फुकटचं कापड शोधलं, ते म्हणजे बसच्या पाट्या.

दर शनिवारी मी खडेबाजारात दोरे, अस्तर, हुक आणायला जाते. येताना स्टँडवर चहा घेते. तेव्हा ठरवलं की चहा हातात असेपर्यंत पाट्या वाचायच्या, कप ठेवला की बंद. बाकड्यावर बसलेल्या बाईकडे कोण बघतंय? गावांची नावं आपल्याला पाठ असतात, हा मोठा फायदा. कुठली गाडी कुठं लागते ते माहीत होतं, त्यामुळे आधी उत्तर आणि मग गणित असा प्रकार. पहिलं सुटलं ते गोकाक. तीन अक्षरं, शेवटची दोन्ही क, त्यातल्या एकाला काना. म्हणजे क हातात आला, काना हातात आला. धारवाड सरळ आहे, जोडाक्षर नाही. मग निप्पाणी, तिथं कळलं की जोडाक्षरातलं दुसरं अक्षर पहिल्याच्या पायाशी जाऊन बसतं. हुबळीची पाटी बरेच शनिवार नडली, कारण त्यांच्या लिहिण्यात ती हुब्बळ्ळी आहे, पायाशी एक नाही, दोन अक्षरं.

आपल्या माणसाला हे वाटतं तितकं परकं नाही. क ख ग घ चा क्रम तोच. ळ आपल्याकडे आहेच. द ला खाली बारीक रेघ दिली की ध होतो, प च्या पोटात रेघ ओढली की ष. व आणि म यांच्यात मात्र मी अजून कधीकधी फसते. नवीन म्हणाल तर ए आणि ओ ऱ्हस्व-दीर्घ असे दोन-दोन आहेत: बेळगावी लिहिताना बे ऱ्हस्व, गोकाकमधला गो दीर्घ. कानानं हा फरक मला आधीपासून कळत होता, डोळ्यांना कळायला वेळ लागला. आकड्यांत दोन आणि तीन आपल्यासारखेच दिसतात. पाट्यांवरून दुकानांच्या बोर्डांवर आले, बोर्डांवरून संघाच्या वहीवर. कुणीतरी घाईत खरडलेलं अक्षर आजही लागत नाही, छापील सगळं लागतं.

माझी भाची मानसशास्त्र शिकते. तिला हे सांगितलं तर म्हणाली, मावशी, यावर प्रयोग झालेत. जर्मनीत पीटर गोलविट्झर आणि व्हेरोनिका ब्रांडश्टेटर यांनी विद्यार्थ्यांना नाताळची संध्याकाळ कशी घालवली ते दोन दिवसांत लिहून पाठवायला सांगितलं. काहींकडून कधी आणि कुठं बसून लिहिणार एवढंच आधी लिहून घेतलं. त्यांच्यातल्या काम पुरं करणाऱ्यांचं प्रमाण बाकीच्यांच्या दुपटीहून जास्त निघालं. हा प्रयोग १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. मला पटलं, कारण ‘रोज थोडं वाचीन’ असं मी दहादा ठरवलं होतं, आणि ‘रोज थोडं’ला ना जागा असते ना वेळ. मोबाइलवर एक जण कोट घालून ओरडत असतो, एकवीस दिवसांत सवय लागते, पहाटे पाचला उठा! पाचला उठून मी आधीच पाणी भरत असते, बाबा. भाचीनंच सांगितलं की लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली यांनी हे मोजलं, तेव्हा सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८, कुणाला २५४ लागतील असा हिशोब निघाला. आणि मधे एखादा दिवस चुकला म्हणून फारसं बिघडलं नाही. हे शेवटचं मला आधी कुणी सांगायला हवं होतं. एक शनिवार हुकला की ‘आता जत्रेनंतरच’ म्हणणारी जात आपली.

आणखी एक गोष्ट, ती कुणी विचारत नाही. माझ्या माळ्यावर एक हार्मोनियम होती. शिकायची, शिकायची म्हणून ठेवलेली. कन्नड वाचायला लागल्यावर एकदा तिच्याकडे बघून स्वतःला विचारलं, शिकायची आहे का खरंच? तर नव्हती. शिकलेली बाई म्हणून मिरवायचं होतं. ती गल्लीतल्या भजनी मंडळाला देऊन टाकली. मनातल्या यादीतली निम्मी कामं अशी असतात. ती करायची नसतात, खोडायची असतात. खोडली की उरलेल्यांना जागा होते.

आता तुम्ही म्हणाल, वाचता ते कळलं, कन्नड लिहिता का? नाही लिहीत. शिकायचं आहे. कुठल्या वारी, कुठं बसून, ते मात्र ठरवलेलं नाही, त्यामुळे इतक्यात होईलसं मला तरी दिसत नाही.