तुम्ही विचारलंत म्हणून : ‘वेळ कुठून काढतेस गं?’

हा प्रश्न मला मुंजीत भेटतो, बेळगावच्या खडेबाजारात भेटतो, इंजिनिअरिंगच्या मुलांपुढे बोलायला बोलावतात तिथेही भेटतो. ‘नोकरी आहे, घर आहे, सासूबाईंचं औषधपाणी आहे, आणि वर ते फुकटचं सॉफ्टवेअर. वेळ कुठून काढतेस गं?’ हेच काम माझ्याबरोबर करणारा धारवाडचा एक सहकारी आहे. त्यालाही नोकरी आहे, घर आहे, आजारी आई आहे. त्याला मात्र लोक विचारतात, ‘त्यात पैसे किती मिळतात?’ असं का, ते तुम्हीच ओळखा. त्याच्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत होतं : देणग्यांमधून दोघांना मिळून महिन्याला किलोभर कुंदा येईल इतके, आणि तेही दर महिन्याला नाही. माझ्या प्रश्नाचं उत्तर जरा लांबतं.

आधी ते सॉफ्टवेअर काय आहे ते सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

टिळकवाडीत रेल्वेची फाटकं आहेत. पहिलं गेट, दुसरं गेट, तिसरं गेट. बेळगावात पत्ते असेच सांगतात. काही वर्षांपूर्वी इथल्या एका पतसंस्थेची सभासदांची यादी नीट लावून द्यायचं काम माझ्याकडे आलं. ‘तिसऱ्या गेटजवळ’ राहणारे सभासद शोधले की थोडेच यायचे, आणि तीच यादी डोळ्यांनी चाळली की त्याहून कितीतरी जास्त निघायचे. शब्द तोच, काना तोच, सगळं तेच. दोन दिवस माझंच काहीतरी चुकतंय म्हणून स्वतःला बोल लावत बसले.

मग कळलं की ‘तिसऱ्या’मधला ऱ संगणकात तीन तऱ्हांनी येतो. पहिली तऱ्हा, ऱ हे सरळ एकच अक्षर; इनस्क्रिप्ट कीबोर्डवर त्याला स्वतःची कळ आहे. दुसरी, साधा र आणि त्याच्यामागे नुक्ता (अक्षराखालचं टिंब), अशी दोन चिन्हं. तिसरी म्हणजे र, हलन्त (अक्षराचा पाय मोडायची खूण) आणि त्यामागे झीरो विड्थ जॉइनर, शून्य रुंदीचं, डोळ्यांना न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर तिन्ही दिसायला जुळी भावंडं. युनिकोड म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक देणारी पद्धत; तिचं प्रमाण रूप करून घेतलं, ज्याला एनएफसी म्हणतात, की पहिल्या दोन एक होतात. तिसरी वेगळीच राहते. संस्थेची यादी जुन्या फॉन्टमधून कधीतरी बदलून आणलेली होती आणि तिच्यातले बहुतेक ‘तिसऱ्या’ नेमके तिसऱ्या तऱ्हेचे निघाले.

त्यावर मी या तिन्ही तऱ्हा एक करून देणारं, पायथन या संगणकभाषेतलं दोनएकशे ओळींचं सॉफ्टवेअर लिहिलं, ‘कुणीही वापरा, बदला’ म्हणणाऱ्या एमआयटी परवान्याखाली गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर खुलं करून टाकलं आणि विसरून गेले. वर्षभराने कुणीतरी इशू, म्हणजे तिथली तक्रारीची नोंद, उघडला. मग आणखी एकाने. मग धारवाडहून एक पत्र आलं, की कन्नडचंही असंच आहे, घालू का? घाल म्हटलं. आमच्यात भाषेचा वाद एकदाच झाला, तोही ‘नुक्ता’ला कन्नडमध्ये काय म्हणायचं यावरून, आणि दोघांनीही इंग्रजीत लिहून मिटवला. सीमाप्रश्न १९५६ पासून पडून आहे. आमच्या यादीतला सगळ्यात जुना इशू चार वर्षांचा आहे, त्यामुळे आम्हाला फारशी लाज वाटत नाही.

तर, वेळ. खरं सांगायचं तर मी तो काढत नाही. रविवारी सकाळी सात ते नऊ, घर उठायच्या आत, दोन तास. एवढाच. बाकी सहा दिवस गिटहबच्या सूचना फोनवर येत नाहीत, मी बंद केल्यात. लोकांना हे उत्तर आवडत नाही. त्यांना वाटतं मी पहाटे चारला उठत असेन, किंवा काहीतरी युक्ती असेल आणि ती मी लपवते आहे.

पहिली तीन वर्षं मात्र असं नव्हतं. तेव्हा मी रोज रात्री बसायचे. नवरा झोपेतून उठून विचारायचा, ‘काय करूलालास गं अजून?’ आणि मी म्हणायचे, पाच मिनिटं. कुणी ‘अर्जंट, सर’ असं लिहिलं की माझा जीव खाली-वर. (मी सर नाही हे सांगायचं मी कधीच सोडून दिलंय.) ते सगळं एका जुलैत संपलं.

राकसकोपचं धरण भरल्याची बातमी आली त्या आठवड्यातली गोष्ट. बाहेर पाऊस धो धो, रात्रीचे अकरा वाजून गेलेले. एका वापरकर्त्याची तक्रार होती की त्याच्या मजकुरात न दिसणारी चिन्हं फार साचतात, ती झाडून टाका. मी झाडू घेतला. चाचण्या चालवल्या, म्हणजे ठरलेले शब्द घालून उत्तर बरोबर येतं का ते पाहिलं. सगळ्या हिरव्या, म्हणजे पास. नवी आवृत्ती पायपीआयवर, जिथून लोक पायथनची तयार सॉफ्टवेअरं घेतात तिथे, चढवली आणि त्याच मिनिटाला आमच्या वडगावातली वीज गेली. राउटर गेला, मीही झोपले.

सकाळी मोबाइल पाहिला तर लग्नाचं केटरिंग करणाऱ्या कुणाचा तरी निरोप. त्यांच्याकडे कामाला येणाऱ्या लोकांची यादी आमच्या सॉफ्टवेअरमधून जाऊन छापली जायची. त्यात ‘आचाऱ्यांना आगाऊ दिलेली रक्कम’ असा मथळा होता, त्याचं झालं होतं ‘आचार्यांना आगाऊ दिलेली रक्कम’. शाळेत व्याकरणाच्या तासाला ज्या जोडीवर हसलो होतो, नेमकी तीच जोडी. रात्रीत सगळे स्वयंपाकी पीठाधीश झाले होते.

चूक दोन ओळींची होती. मी न दिसणारी चिन्हं आधी झाडली आणि र-हलन्त-जॉइनर या तऱ्हेचा ऱ नंतर करायला गेले. पण जॉइनर झाडला गेला की मागे उरतो साधा र्य, रफार वाला. त्याचा ऱ्य करायला काही खूणच उरत नाही. ओळी उलट्या क्रमाने हव्या होत्या. कन्नडमध्ये तर त्याहून वाईट. तिथे ‘सॉफ्टवेअर’ हा शब्द लिहिताना ट आणि व यांच्यामध्ये असंच एक न दिसणारं चिन्ह घालतात, जोडाक्षर होऊ नये म्हणून. माझ्या झाडूने तेही नेलं आणि व बिचारा ट च्या पायाशी जाऊन बसला. धारवाडच्या सहकाऱ्याने मला त्याचा फक्त फोटो पाठवला. खाली एक शब्द नाही.

आणि चाचण्या हिरव्या का होत्या? कारण त्यातले सगळे शब्द मी माझ्या हाताने, माझ्या कीबोर्डवर टाइप केलेले. माझ्या कीबोर्डवर ऱ ला कळ आहे. तिसऱ्या तऱ्हेचा ऱ माझ्या बोटांतून कधी आलाच नव्हता.

अशा वेळी पहिला विचार येतो, ती आवृत्ती उडवूनच टाकावी. तसं करायचं नसतं. २०१६च्या मार्चमध्ये लेफ्ट-पॅड नावाचा अकरा ओळींचा तुकडा त्याच्या लेखकाने एनपीएम या जावास्क्रिप्टच्या तशाच भांडारातून काढून घेतला आणि त्यावर विसंबलेले जगभरचे हजारो प्रकल्प उभे राहीनात. मी नवी दुरुस्त आवृत्ती काढली आणि जुनी ‘यँक’ केली. म्हणजे नव्याने घेणाऱ्याला ती मिळत नाही, पण ज्याने नेमकी तीच मागितली आहे त्याचं काम अडत नाही. वीज दुपारी आली. नवी आवृत्ती मी शेजारच्यांच्या इन्व्हर्टरवर, त्यांच्या देवघराजवळ बसून चढवली होती.

तेव्हापासून पुढचे दोन तास मोकळे असल्याशिवाय मी आवृत्ती काढत नाही. रात्री तर नाहीच. आणि विजेमुळे आणखी एक सवय लागली. जून ते सप्टेंबर आमच्याकडे ती कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून मी हातातलं काम लहान लहान तुकड्यांत जमा करत जाते आणि उठताना एक चाचणी मुद्दाम नापास ठेवून उठते. पुढच्या रविवारी काय करायचं होतं ते आठवावं लागत नाही. चाचण्या चालवायच्या, लाल काय आहे ते बघायचं, तिथून सुरू. लोक ज्याला कामाचा उरक म्हणतात तो माझ्या बाबतीत बराचसा एवढाच आहे. आठवड्याभरात मी सगळं विसरते, आणि विसरले तरी चालेल अशी सोय करून ठेवते.

आता अवघड भाग. आपल्याला ‘नाही’ म्हणता येत नाही. आपण ‘बघू’ म्हणतो. ‘उसने पैसे देता?’ बघू. ‘मुलीचं स्थळ बघता?’ बघू. समोरच्यालाही कळतं की बघूचा अर्थ नाही असा आहे, आणि दोघांची अब्रू राहते. पण ही सोय समोरासमोर चालते, इशूखाली लिहिलेल्या बघूला चालत नाही. मी एकाला लिहिलं होतं, ‘चांगली कल्पना आहे, बघू.’ त्याला आपोआप शुद्धलेखन तपासणारं काहीतरी हवं होतं. त्याने ते खरं धरलं. तीन वर्षं दर दिवाळीच्या आसपास तो नम्रपणे विचारायचा, काही प्रगती? आणि दर दिवाळीला मला अपराधी वाटायचं. शेवटी लिहिलं, ‘हे मी करणार नाही. हे काम शोधाआधी मजकूर सारखा करण्याचं आहे, शुद्धलेखनाचं नाही.’ त्याचं दहा मिनिटांत उत्तर आलं, ‘आधीच सांगायचं की! मी दुसरं वापरलं असतं.’ राग मला यायला हवा होता की त्याला, ते अजून ठरलेलं नाही.

आता मी ‘नाही’ पहिल्या उत्तरात लिहिते आणि कारण एका वाक्यात देते. माझ्या दोन तासांतला मोठा हिस्सा कोड लिहिण्यात जात नाही, वाचण्यात आणि नाही म्हणण्यात जातो. इंजिनिअरिंगच्या मुलांना हे सांगितलं की त्यांचे चेहरे पडतात.

अपराधीपणाबद्दल थोडं बोलायला हवं, कारण तो खरा धोका आहे. २०२४च्या मार्चअखेर एक्सझेड नावाच्या, फाइल दाबून लहान करण्याच्या साधनात चोरदरवाजा सापडला. आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेटाबेसच्या एका विकासकाला एसएसएचने, म्हणजे दूरच्या संगणकात शिरायच्या साधनाने, लॉगिन व्हायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय असं वाटलं, त्याने खोदून पाहिलं आणि ते उघड झालं. अर्ध्या सेकंदाची गोष्ट सगळे सांगतात. मला जास्त हलवून गेली ती आधीची. ते साधन एकच माणूस फावल्या वेळात सांभाळत होता. आपल्याला मानसिक त्रास आहे, काम हळू चाललंय, हे त्याने उघड लिहिलंही होतं. आणि अनोळखी नावांनी लोक त्याला टोचत राहिले, की किती उशीर, जमत नसेल तर दुसऱ्याकडे द्या. तो ‘दुसरा’ दोनेक वर्षं चांगलं काम करून विश्वास मिळवत होता, आणि चोरदरवाजा त्यानेच बसवला.

म्हणजे कुलूप नंतर फुटलं, आधी कामी आली ती त्या माणसाची लाज. हे वाचलं त्या दिवशी मी आमच्या माहितीच्या पानावर सगळ्यात वर एक ओळ घातली : ‘उत्तर यायला दोन-तीन आठवडे लागतात. घाई असेल तर कोड खुला आहे, आपली प्रत काढून हवे ते बदल करून घ्या.’ काहींना ती उद्धट वाटते. परवान्यातही तेच म्हटलंय, जसं आहे तसं, कसलीही हमी नाही, फक्त वकिली इंग्रजीत. कुणी पहिल्या-दुसऱ्या पत्रातच ‘मी मदत करतो, मला मर्जचे (कोडमध्ये बदल मिसळायचे) हक्क द्या’ म्हटलं तर मी त्याला चाचण्यांच्या फाइलकडे पाठवते.

ती फाइल माझी सगळ्यात आवडती आहे. प्रत्येक तक्रारीतला शब्द जसाच्या तसा, त्याच चिन्हांसकट तिथे जातो, शेजारी तो कुठून आला याची टीप. तऱ्हा, कुऱ्हाड, दऱ्या, पाऱ्याचा, कऱ्हाड. निपाणीकडच्या कुणाच्या तरी हिशेबाच्या वहीतून आलेला ‘गुऱ्हाळ’. आचाऱ्यांना अर्थातच आहे, खाली केटरिंगवाल्यांचे आभार. मागच्या पावसाळ्यात खानापूरकडच्या एका मुलीने पुल रिक्वेस्ट, म्हणजे ‘माझे बदल घ्या’ अशी विनंती, पाठवली, सोळा शब्द, सगळे तिच्या आजोबांच्या सातबाराच्या नकलांतून उतरवलेले. त्यातले दोन नापास झाले. मी तीन आठवडे उत्तर दिलं नव्हतं. तिने तोवर दोन्हींची दुरुस्ती करून पाठवली होती.

आणि ती पतसंस्था? गेल्या महिन्यात ठेवीची पावती बदलायला गेले होते. काउंटरवर अक्का आहेत, यादी तेव्हापासून त्यांच्याच हातात. मी सहज विचारलं, अजून ते शोधायचं नीट चालतं ना? संगणकात डोकावले तर सात-आठ वर्षांपूर्वीची, पहिल्या दोनशे ओळींची आवृत्ती. मध्ये कधीतरी कुणीतरी संगणक नव्याने बसवला, तेव्हापासून ती चालूही नव्हती.

‘मग तिसऱ्या गेटचे सभासद कसे शोधता?’

‘त्यात काय,’ अक्का म्हणाल्या, ‘नुसतं तिस टाकायचं की. सगळे येतात.’