तुम्ही विचारलंत म्हणून: त्रिकोणमितीची सूत्रं पेपरात उलटीपालटी का होतात?

सीईटी जवळ आली की सांगली-साताऱ्यातली मुलं आणि त्यांचे पालक हाच प्रश्न विचारतात. सूत्रं तर पाठ आहेत, मग पेपरात घोळ का होतो?

घोळ होतो तो तीस-चाळीस सूत्रं सुटी सुटी पाठ केल्यामुळे. खरं तर एकच पक्कं धरायचं: कॉस (अ − ब) = कॉस अ कॉस ब + साइन अ साइन ब. ब च्या जागी −ब घाला, मधलं चिन्ह फिरून कॉस (अ + ब) मिळतं. मूळ सूत्रात अ च्या जागी ९०° − अ घाला, साइन (अ + ब) हाती येतं. दोन्ही कोन सारखे घेतले की दुप्पट कोनाची सूत्रं. कॉसची दोन्ही मिळवली किंवा वजा केली की गुणाकाराची. ही साखळी रोज कोऱ्या कागदावर, पुस्तक मिटून लिहा. हे काम घरचं. पेपरात गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात, एकाला पावणेदोन मिनिटं. तिथे सूत्र काढत बसायला सवड नाही.

शंका आली तर ३०° घालून पडताळा. साइन ३अ = ३ साइन अ − ४ साइन घन अ; ३०° ला दोन्हीकडे १ येतो, पदं उलटी लिहिली असतील तर −१. पडताळ्याला ४५° मात्र नको. तिथे साइन आणि कॉस सारखेच, चूक लपून जाते.

‘अकरावीला २० टक्केच गुण’ म्हणून हा धडा सोडणं फार महागात पडतं. बारावीच्या इंटिग्रेशनमध्ये साइन वर्ग आला की १ − कॉस २अ = २ साइन वर्ग अ याच्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही.

इन्व्हर्समध्ये चुकते ती व्याप्ती. साइन इन्व्हर्सचं उत्तर −९०° ते ९०° मध्येच हवं. म्हणून साइन इन्व्हर्स (साइन १२०°) म्हणजे ६०°. पर्यायांत १२०° मुद्दाम ठेवलेला असतो.

जत किंवा खटावहून एसटीनं क्लासला येणाऱ्यांनी गाडीत तक्ता वाचू नये. डोळे मिटून साखळी म्हणावी, अडेल ती पायरी उतरल्यावर लिहून काढावी.