सहा इंची आरसा, नोंद अकरावी: कड बसली!

दुर्बिणीसाठी घरीच घासत असलेल्या आरशाची टेस्ट घ्यायला रविवारी सकाळी साडेआठला ब्लेड (आरशावरून परतणारा प्रकाश कापणारी धार) आत सरकवलं आणि आरशाच्या कडेला प्रकाशाचा केसाएवढा धागा दिसला, म्हणजे कड नीट असल्याची खूण. उजवीकडे होताच, पण डावीकडेही! विश्वास बसेना म्हणून आरसा स्टँडवर पाव फेरा फिरवून पुन्हा बघितलं. धागा जागेवरच. 12 ऑक्टोबरला पहिल्यांदा टर्न्ड एज (खाली घसरलेली कड) दिसली, तेव्हापासून अकरा आठवडे मी या धाग्याची वाट बघत होते. बाबांना हाक मारून दाखवलं. तेही बराच वेळ ब्लेडमागून हलले नाहीत.

2025 च्या वर्षअखेरची नोंद आहे, तेव्हा आधी वर्षाचा हिशेब उरकते. फेब्रुवारीत 80 नंबरच्या कार्बोने (घासायची भरड पूड) सुरुवात केली, मे अखेर आरशाच्या मध्याची खोली 1.19 मिलिमीटरवर आणली (व्यास सहा इंच, एफ/8 म्हणजे फोकस व्यासाच्या आठपट लांब), आणि पावसाळ्यात 600 पर्यंतचे सगळे टप्पे झाले. 7 सप्टेंबरचं खग्रास चंद्रग्रहण 10 बाय 50 च्या दुर्बिणीतून ढग सरकतील तेवढं पाहिलं. तोवर आपल्या आरशातून ते बघता येईल असं मला वाटलं होतं. खंडेनवमीला टूल (आरसा ज्यावर घासतात ती तबकडी), लॅप (पॉलिशसाठीचा राळेचा थर) आणि आरसा पाटावर मांडून झेंडूची फुलं वाहिली. त्या दिवशी रोंचीच्या रेषा (बारीक जाळीतून बघितलं की आरशावर दिसणारे पट्टे) कडेपर्यंत सरळ होत्या, वहीत तशी नोंद आहे.

अकरा दिवसांनी त्याच रेषा कडेला हुकासारख्या वळल्या होत्या.

पुढे काय काय केलं ते नवव्या आणि दहाव्या नोंदीत आलंच आहे. स्ट्रोक आखूड केले. टूल वर घेऊन पाहिलं, तर कड आणखी घसरली. परत आरसा वर घेतला. चौदा तास पॉलिश केलं, पण हुक हलला नाही. तुमच्यापैकी तिघांनी सुचवलं की कडेचे 3 मिलिमीटर काळ्या रिंगने झाकून मोकळी हो. हिशेब केला: 152 चा 146 होतो, आठ टक्के प्रकाश जातो. नुकसान फार नाही. तरी मन तयार होईना. आठ महिने हाताने घासलेली काच, तिची कड मला हवी होती.

वाट बाबांनी दाखवली. सातपूर एमआयडीसीत त्यांची तीस वर्षं इन्स्पेक्शनमध्ये गेली. दिवाळीनंतर एकदा शेजारी बसून त्यांनी माझी वही चाळली आणि म्हणाले, "अगं, यात वेळ आहे, स्ट्रोक आहेत, तापमान कुठंय? आमच्याकडे 20 डिग्रीची रूम असल्याशिवाय मायक्रॉनचं माप कोणी घेत नसे. तू तर मायक्रॉनच्याही खाली मोजतेस." दुसऱ्या दिवशी गॅलरीत थर्मामीटर टांगला गेला.

मग एकेक गाठ सुटत गेली. लॅप मी ऑगस्टच्या शेवटी ओतला होता. तेव्हा घरात गारवा होता, राळ कडक वाटली, म्हणून एरंडेल थोडं जास्त घातलं. नखाच्या परीक्षेत (नख दाबून राळ किती मऊ ते बघणं) ती अगदी हवी तशी उतरली. पण ती परीक्षा ऑगस्टमधली होती. दसरा झाला, ऑक्टोबर हीट सुरू झाली, दुपारी बंद गॅलरी तापायला लागली आणि तोच लॅप लोण्यासारखा झाला. आरसा त्यात रुतत होता आणि राळ कडेभोवती वर येऊन कडच जास्त खात होती. लॅपच्या बाहेर सुटलेला ओठ मला रोज दिसत होता, मी तो नुसता कापून टाकत होते.

दुसरं कारण माझे हात. आरसा वर घेऊन काम करताना पंजे कडेवर टेकायचे. माझी काच साधी प्लेट ग्लास आहे, पायरेक्सच्या (उष्णतेने कमी फुगणारी काच) जवळजवळ तिप्पट प्रसरण पावणारी. हाताच्या उबेने कड फुगते, फुगलेली कड जास्त घासली जाते आणि काच निवली की तिथेच खोलगट उतार राहतो. शिवाय मी पॉलिश थांबवून अर्ध्या तासात टेस्टला बसायचे. म्हणजे बिघडवत होते उबेत आणि मोजतही होते उबेत.

नोव्हेंबरच्या शेवटी जुना लॅप खरवडून काढला. नव्या राळेत एरंडेल थेंबाथेंबाने घातलं आणि नखाची परीक्षा 20 अंशांच्या पाण्यात बुडवलेल्या तुकड्यावर घेतली. लॅपची कड चहूबाजूंनी 3 मिलिमीटर आत घेतली. फेसेटवर (लॅपवरच्या चौकोनांवर) डासांच्या जाळीचा ठसा दिला. आरशाच्या पाठीवर आजीच्या जुन्या घोंगडीचा गोल तुकडा ठेवला आणि तळहात फक्त मध्यावर टेकवला. हा घोंगडीचा उपाय सगळ्यांना मनापासून सांगते, ऊब काचेपर्यंत पोचतच नाही. काम रोज रात्री नऊ ते दहा, दर वीस मिनिटांनी कोल्ड प्रेस (आरसा लॅपवर नुसता दाबून ठेवणं), आणि टेस्ट थेट दुसऱ्या दिवशी सकाळी, पंखा आणि गॅस बंद असताना. निफाडचा पारा उतरला की इथे नाशिकमध्येही हुडहुडी भरते, पण आतल्या खोलीत थर्मामीटर 19-20 च्या पलीकडे हलला नाही. पहिला आठवडा काहीच दिसलं नाही. दुसऱ्या आठवड्यात हुक अर्धा झाला. चौथ्या रविवारी धागा.

सेरियमबद्दल (पॉलिशच्या पुडीबद्दल) एक सूचना. ऑनलाइन मागवलेल्या पुडीत भरड कण निघाले आणि काचेवर बारीक ओरखडे आले. आता चष्म्याची भिंगं घासणाऱ्या एका लॅबमधून सुटं घेते. दर जवळपास तोच, पण माल एकसारखा. तरीही पाण्यात ढवळून, जड कण तळाशी बसू देऊन वरचं दूधच वापरते. ते काम कुणावर सोपवू नका.

आता पुढचं. मागच्या नोंदीत लिहिलं होतं की कड सुधारली की लगेच पॅराबोलाइझ करायचं (गोलीय वळणाचा पॅराबोला करायचा) आणि 10 जानेवारीच्या गुरूच्या प्रतियुतीआधी (गुरू सूर्याच्या बरोबर समोर येतो तेव्हा) कोटिंगही, म्हणजे चकचकीत धातूचा मुलामा, करून आणायचं. काल रात्रीपर्यंत हाच बेत होता. सुतारकाकांनी डॉब्सनचा रॉकर बॉक्स (दुर्बीण फिरवायची साधी बैठक) दिवाळीतच दिलाय, सनमायका आणि टेफ्लॉन लावून तयार आहे.

पण ही नोंद लिहिताना आकडे पुन्हा मांडले. सध्या आरसा गोलीय आहे. सहा इंची एफ/8 मध्ये गोल आणि पॅराबोला यांतला फरक वेव्हफ्रंटवर (परतणाऱ्या प्रकाशाच्या लाटेवर) पाव तरंगाहून किंचितच जास्त भरतो. माझ्या टेस्टरवर, जिथे दिवा आणि ब्लेड एकत्र सरकतात, मध्यापासून कडेपर्यंत 1.19 मिलिमीटरचा फरक आणायचाय. ते दहा दिवसांत घाईने केलं तर कड पुन्हा हातची जाईल. मग कोटिंगशिवायच का बसवू नये? उघडी काच साधारण चार टक्के प्रकाश परावर्तित करते, म्हणजे चित्र 30 मिलिमीटरच्या भिंगाएवढं उजळ, पण तपशील सहा इंचाचा. गुरूला तेवढा उजेड भरपूर झाला. मागची बाजू मार्चमध्येच 220 ने घासून खरखरीत केली होती, त्यामुळे तिथून दुसरी प्रतिमा येण्याचीही भीती नाही.

तर ठरलं, बेत बदलला. जानेवारीत उघड्या काचेने स्टार टेस्ट (तारा फोकसच्या आत-बाहेर नेऊन बघणं), ब्रह्महृदय या ताऱ्यावर. गोलीयपणामुळे फोकसच्या आत-बाहेर थोडा फरक दिसणारच, मला बघायची आहे फक्त कड. पॅराबोला फेब्रुवारीत निवांत, कोटिंग त्यानंतर. आठ इंची ब्लँक (पुढच्या आरशाची कोरी काच) मात्र पुढच्या पावसाळ्यापर्यंत कपाटातच राहील, हे ज्यांना शब्द दिला होता त्यांनी समजून घ्यावं.

प्रतियुतीच्या दिवशी गुरू मिथुनेत आहे आणि नाशिकहून मध्यरात्री जवळपास थेट डोक्यावर येतो. डॉब्सन तिथे नीट वळत नाही, म्हणून मी रात्री नऊलाच, तो पूर्वेला चांगला वर आला की गच्चीवर असेन. कुणी येणार असाल तर 25 किंवा 32 मिलिमीटरचा आयपीस (डोळ्याजवळचं भिंग) घेऊन या, माझ्याकडे 10 चाच आहे.

बाबांनी थर्मामीटर आतल्या खोलीतून काढून आत्ताच दुर्बिणीच्या ट्यूबमध्ये टांगलाय.